ग्रँट आली नाही : माझे ४३ दिवस

३० सप्टेंबरला, मंगळवारी, आमच्या लॅबमध्ये एकाच केकवर दोन निरोप उरकले. एक होता आमच्या जुन्या सहकाऱ्याचा. वर्षाच्या सुरुवातीला सरकारने 'राजीनामा लिहून द्या आणि सप्टेंबरअखेरपर्यंत घरी बसून पगार घ्या' अशी योजना काढली होती. ती त्याने घेतली होती आणि त्याच्या पगाराचा तो शेवटचा दिवस होता, म्हणून मुद्दाम भेटायला आला होता. देशभरातून सुमारे दीड लाख माणसं अशी गेली. दुसरा निरोप आमचा, उरलेल्यांचा. 'उद्या भेटू' म्हणावं की नुसतं 'बघू' म्हणावं, हे कोणालाच सुचत नव्हतं. केक मात्र संपला.

मी मेरीलँडमध्ये राहते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत मला आठ वर्षं झाली. नवरा एका खासगी कंपनीत आहे, पण ती कंपनी सरकारी कंत्राटावर चालते. म्हणजे घरात पगार दोन, उगम एकच. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या ४३ दिवसांच्या शटडाउनमध्ये, म्हणजे सरकारी कामकाज बंद असताना, तो उगम आटला होता. त्याआधीचा सगळ्यांत लांब शटडाउन २०१८-१९ चा, ३५ दिवसांचा. तेव्हा माझ्या खात्याचं बजेट आधीच मंजूर झालेलं होतं, त्यामुळे मला झळ लागली नव्हती. यंदा लागली. तेव्हा ऑनलाइन शोधून शोधून जे सापडलं, त्यातलं निम्मं जुनं होतं आणि निम्मं दुसऱ्या राज्यातलं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधी 'सरकार बंद' म्हणजे काय ते सांगते, कारण साताऱ्याहून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच फोनमध्ये हा प्रश्न विचारला. अण्णा आयुष्यभर जिल्हा कोषागारात होते. मी त्यांना समजावू लागले: इथे सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी संसदेने खर्चाची बिलं पास करायची किंवा निदान तात्पुरती मुदतवाढ द्यायची. दोन्ही झालं नाही तर खात्यांना एक डॉलर खर्च करता येत नाही, कारण मंजुरीशिवाय खर्च करणं हा १८८४ पासून चालत आलेल्या एका कायद्याने गुन्हा आहे...

"म्हणजे ग्रँट आली नाही," अण्णा म्हणाले. "मग ट्रेझरीत बिल पास होणार नाही. सरळ आहे."

चाळीस मिनिटं टीव्हीवरच्या तज्ज्ञांना जे जमलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "लेखानुदान का घेत नाहीत? आपल्याकडे निवडणुका असल्या की घेतात." तर बाबा, लेखानुदानासारखंच एक बिल होतं. खालच्या सभागृहाने ते १९ सप्टेंबरला पास केलं होतं, २१ नोव्हेंबरपर्यंतचं. पण सिनेटमध्ये ६० मतं लागतात आणि सत्ताधारी रिपब्लिकन ५३. डेमोक्रॅट्सचं म्हणणं, आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरची वाढीव सवलत वर्षअखेरीस संपते आहे, तिची मुदत आधी वाढवा. रिपब्लिकनांचं म्हणणं, आधी सरकार उघडा, मग बोलू. भारतात सरकारला पैसा मंजूर करून घेता आला नाही तर सरकार पडतं. इथे सरकार पडत नाही, आम्ही घरी बसतो. यापुढे पक्षांबद्दल लिहीत नाही. सरकारी नोकराची जीभ आवरायची सवय आहे, ती इथेही राहू दे.

१ ऑक्टोबरला सकाळी मी ऑफिसला गेले, कारण जावंच लागतं. 'सुव्यवस्थित बंद' करण्यासाठी चार तास मिळतात. या चार तासांत फर्लोची (सक्तीच्या बिनपगारी रजेची) नोटीस घ्यायची, सही करायची, मेलवर 'मी उपलब्ध नाही'चा निरोप लावायचा, प्रयोग थांबवायचे आणि बाहेर पडायचं. नोटिशीत लिहिलेलं असतं की या काळात तुम्ही काम करायचं नाही, फुकटसुद्धा नाही. तोच १८८४ चा कायदा. सरकारला फुकटची सेवा घेता येत नाही, कारण उद्या तुम्ही बिल लावाल!

माझा प्रयोग बारा आठवड्यांचा होता आणि नऊ आठवडे झाले होते. पेशी वाढवायच्या, त्यांना औषध द्यायचं, दर तिसऱ्या दिवशी त्यांचं पाणी बदलायचं (पाणी म्हणजे गुलाबी रंगाचं पोषक द्रावण, पण लॅबमध्ये मी मनात पाणीच म्हणते). त्या टाकून देणं किंवा गोठवणं, एवढेच दोन पर्याय. मी गोठवायचं ठरवलं. पेशी अशा एकदम गोठवता येत नाहीत. आठ छोट्या नळ्यांत भरून, त्या एका डब्यात ठेवून, तो डबा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी नळ्या काढून द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत हलवायच्या. दुसऱ्या दिवशी! आणि दुसऱ्या दिवशी मला इमारतीत यायला बंदी.

आमच्या मजल्यावर एकच जण 'एक्सेप्टेड' होता. म्हणजे ज्याचं काम थांबवता येत नाही आणि ज्याने बिनपगारी यायचंच, असा. मी त्याला विचारलं, उद्या या आठ नळ्या तेवढ्या हलवशील का? बिचाऱ्याने त्याच्या मंजूर कामांची यादी काढून दाखवली. त्यात 'फ्रीजरचं तापमान तपासणे' होतं. 'नळ्या हलवणे' नव्हतं. मी फ्रीजरच्या दारावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावली, तारीख टाकली आणि साडेबाराला गाडीत येऊन बसले. रडू वगैरे आलं नाही. भूक लागली होती.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. शटडाउनची कुणकुण लागली की त्याच आठवड्यात स्वतःचे कागद छापून घरी आणा. नेमणुकीचा आणि पगाराचा ताजा आदेश (एसएफ-५०), शेवटच्या तीन पगारपावत्या, आणि बेकारभत्त्यासाठी लागणारा एसएफ-८. आमची सेवापुस्तिका ऑनलाइन आहे, पण ती फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरून उघडते, आणि फर्लोवर असताना ऑफिसचा लॅपटॉप 'कामावर परत या' हा निरोप आला का एवढंच बघायला वापरता येतो. मी एसएफ-५० आणायचा विसरले. त्यापायी पुढे अकरा दिवस गेले.

२ ऑक्टोबरला बेकारभत्त्यासाठी अर्ज केला. तो तुम्ही राहता त्या राज्यात नाही, तर तुमचं ऑफिस आहे त्या राज्यात करायचा असतो. या भागात मेरीलँड, व्हर्जिनिया आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी एकमेकांना इतके चिकटून आहेत की निम्म्या लोकांचा पहिला अर्ज चुकीच्या ठिकाणी जातो. माझं घर आणि ऑफिस दोन्ही मेरीलँडमध्ये, त्यामुळे ते वाचलं. मेरीलँडमध्ये जास्तीत जास्त आठवड्याला ४३० डॉलर मिळतात. अर्ज ऑनलाइन, तासाभरात झाला. मग पोर्टलवर एक ओळ आली: 'तुमच्या मालकाकडून पगाराची पडताळणी बाकी.' माझा मालक म्हणजे सरकार. पडताळणी करणार मनुष्यबळ विभाग. आणि तो विभाग घरी, फर्लोवर.

या कोंडीतून वाट असते, पण ती आपणहून कोणी सांगत नाही. पगारपावत्या आणि एसएफ-५० जोडून स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, की माझा पगार एवढा होता. माझ्याकडे एसएफ-५० नव्हता. शेवटी घराच्या कर्जाच्या फायलीत २०२१ सालचा एक सापडला, तो चालला. हेल्पलाइनवर मी एकूण चार फोन केले, सगळ्यांत लांब वेळ तास पंचवीस मिनिटं. सकाळी आठच्या ठोक्याला लावला तर लवकर लागतो, सोमवारी अजिबात लावू नये. आणि अर्ज अडकलेला असला तरी दर आठवड्याचा दावा न चुकता भरत राहायचा. मंजुरी नाही तर कशाला भरू, म्हणून माझ्या मैत्रिणीने दोन आठवडे सोडले, ते तिला मिळाले नाहीत.

१० ऑक्टोबरला, शुक्रवारी, पगार आला, पण पंधरवड्यातल्या दहा दिवसांपैकी सातच दिवसांचा. विम्याचा हप्ता मात्र पूर्ण कापलेला. त्याच दिवशी सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखांनी नोकरकपात सुरू झाल्याचं जाहीर केलं. त्याआधी दोन-तीन दिवस वर्तमानपत्रांत वेगळीच बातमी होती: शटडाउन संपल्यावर मागचा पगार मिळेलच असं नाही. २०१९ च्या कायद्याने तो मिळायला हवा असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. व्हाइट हाउसमध्ये त्या कायद्याचा वेगळा अर्थ लावणारं टिपण तयार झालं होतं. १५ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने कपातीला तात्पुरती स्थगिती दिली.

मला विचाराल तर सगळ्यांत वाईट आठवडा तो. पैसे अजून होते. घरात तांदूळ, डाळी, पीठ सगळं होतं. पण रात्री अडीचला जाग यायची आणि मी अंथरुणात पडून ऑफिसचा फोन बघायची. बघायला परवानगी होती ना.

१४ ऑक्टोबरला गृहकर्जाच्या बँकेला फोन केला. हप्ता २,४८० डॉलर. हे चुकण्याआधी करायचं, चुकल्यावर नाही. पन्नास मिनिटांनी एक बाई आल्या. फर्लोची नोटीस अपलोड करा, एक महिना हप्ता थांबवू, म्हणाल्या. मी वहीत लिहून ठेवलेला प्रश्न विचारला: थांबवलेला हप्ता कर्जाच्या शेवटी जोडणार, की पुढच्या महिन्यात दोन एकदम भरायचे? त्या जरा थांबल्या, विचारून आल्या. दोन एकदम! मी नम्रपणे नको म्हटलं. त्याऐवजी आमच्या क्रेडिट युनियनने (इथली पतसंस्था) बिनव्याजी कर्ज दिलं, एका पंधरवड्याच्या हातात येणाऱ्या पगाराइतकं. पण ते ज्यांचा पगार आधीपासून तिथे थेट जमा होतो त्यांनाच. शटडाउन सुरू झाल्यावर खातं उघडून उपयोग नाही. ज्याच्याशी बोललो त्याचं नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहायची सवय मला अण्णांनी लावली. ट्रेझरीतला माणूस, तोंडी काही मानतच नाही.

१७ ऑक्टोबरला नवऱ्याच्या कंपनीला काम थांबवण्याचा आदेश आला. तोवर कंत्राटावर आधी मंजूर झालेले पैसे शिल्लक होते, म्हणून तो रोज कामावर बसत होता आणि आमचं त्यातल्या त्यात बरं चाललं होतं. आता कंपनीने पत्र दिलं: सोमवारपासून आधी आपली साठलेली रजा वापरा, ती संपली की बिनपगारी. कंत्राटी लोकांना मागचा पगार देण्याचा कोणताही कायदा नाही. २०१९ चा कायदा आमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. आमच्या इमारतीत रोज संध्याकाळी कचरा नेणारी बाई, कँटीनमधला माणूस, गेटवरचे पहारेकरी, हे सगळे कंत्राटी. माझा पगार बुडेल का, याची चर्चा देशभर चालली होती. त्यांचा तर बुडालाच होता, त्यात चर्चेला जागाच नव्हती.

नवऱ्याकडे साठलेली रजा होती तेरा दिवस. ती त्याने दोन वर्षं थेंबथेंब जमवली होती. येत्या डिसेंबरात अण्णांची पंच्याहत्तरी आहे. तिघांची तिकिटं ऑगस्टमध्येच काढून ठेवली होती.

आणि सोमवारी, २० तारखेला, लक्ष्मीपूजन.

फराळ मी दर वर्षी करते, पण या वर्षी वेळच वेळ होता. भाजणी घरी केली. चकल्या इतक्या छान झाल्या की शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ऑर्डर घे, ग्रुपवर टाकते, डॉलरला एक जाईल. मोह झाला. पण फर्लोवर असलो तरी आम्ही सरकारी नोकरच असतो, बाहेरच्या कमाईचे नियम लागू राहतात, आणि माझ्या पदाला आधी लेखी परवानगी लागते. नोटिशीवर दिलेल्या पत्त्यावर मी खरोखर मेल केली. विषय: घरगुती खाद्यपदार्थ विक्री. उलट टपाली उत्तर आलं, ते यंत्राने पाठवलेलं: 'निधीअभावी सध्या मी कार्यालयात नाही.' चकल्या आम्हीच खाल्ल्या. उरलेल्या पाठवल्या ज्यांच्या घरी दोघेही एक्सेप्टेड होते त्यांच्याकडे. रोज कामावर जायचं, पेट्रोल घालायचं, आणि पगार शून्य. त्यांना बेकारभत्ताही नाही, कारण ते बेकार नाहीत!

२४ ऑक्टोबरची पगारपावती मी जपून ठेवली आहे. एकूण पगार ०.००. कपात ०.००. हातात ०.००. खाली रजेच्या रकान्यात एक ओळ. कोणी तरी, कुठे तरी, शून्य पगाराचीही पावती वेळेवर काढली होती. सरकारी यंत्रणेचा मला त्या क्षणी रागही आला आणि अभिमानही वाटला.

२८ तारखेला मी फूड बँकेच्या रांगेत उभी राहिले. हे लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. खरं सांगायचं तर आमची चूल अडली नव्हती. पण नवऱ्याची रजा कोणत्या तारखेला संपते ते आम्ही कॅलेंडरवर मोजलं होतं आणि शटडाउन कुठवर जाणार ते कोणालाच मोजता येत नव्हतं. एका चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग. सरकारी ओळखपत्र दाखवायचं, डिकी उघडायची, स्वयंसेवक खोकं आत ठेवतात. गाडीतून उतरायलाही लागत नाही. माझ्या पुढच्या गाडीत विमानतळावर तपासणी करणारा एक जण गणवेशातच बसलेला होता, ड्यूटीवर चालला असावा. खोक्यात बटाटे, कांदे, गाजरं, राजम्याचे डबे, पास्ता. मिंधेपणाची भावना येणार याची तयारी करून गेले होते, पण स्वयंसेवक मुलगी गाडीची काच वाजवून म्हणाली, "कांदे जास्त देऊ का? लोक घेत नाहीत." कांदे लोक घेत नाहीत! मी दोन पिशव्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, बेकारभत्त्याचा पहिला हप्ता जमा झाला. अर्जापासून २७ दिवसांनी.

३० तारखेच्या सुमारास नवी फर्लो नोटीस आली, कारण पहिली फक्त तीस दिवसांची असते. हे मला माहीत नव्हतं, मेलचा विषय वाचून वाटलं की नोकरीच गेली. तुम्हाला अशी दुसरी नोटीस आली तर घाबरू नका, आधी उघडून वाचा. तारखा सोडल्या तर मजकूर तोच असतो.

एक गोष्ट व्हिसावर असलेल्यांसाठी. नागरिकत्व आणि इमिग्रेशनचं खातं अर्जदारांच्या फीवर चालतं, त्यामुळे ते उघडं असतं आणि सगळ्यांना वाटतं आपल्याला काही होणार नाही. पण एच-१बी साठी आधी कामगार खात्याकडून एक मंजुरी लागते, आणि कामगार खातं बजेटवर चालतं. ती यंत्रणा १ ऑक्टोबरला बंद झाली, ती महिनाअखेरीस उघडली. आमच्या ओळखीतला एक मुलगा नोकरी बदलत होता. जुनी सोडायची तारीख दिलेली, नवीचा अर्ज भरता येईना. त्याने जुन्या साहेबांकडे तारीख पुढे ढकलून मागितली, मिळाली, म्हणून निभावलं. सप्टेंबरात काही बदल करणार असाल तर ती मंजुरी आधी काढून ठेवा.

या सगळ्या काळात अण्णांचा फोन रोज संध्याकाळी साडेआठला, म्हणजे त्यांच्या पहाटे. त्यांना एकदम पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं आठवायला लागलं होतं. १९७७-७८ चा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप. अण्णा तेव्हा सत्तावीस वर्षांचे, लग्नाला दीड वर्ष झालेलं. संपाचे नेते र. ग. कर्णिक यांचं नाव ते अजून आदराने घेतात. केंद्राइतका महागाई भत्ता मागत होते. पगार बंद, वाण्याची उधारी दोन वह्यांवर गेलेली, आईच्या पाटल्या सोनाराकडे. हे मला बेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पाटल्या सुटल्या का, मी विचारलं. "एक सुटली," अण्णा म्हणाले आणि विषय बदलला.

मी म्हटलं, अण्णा, तुमचं वेगळं. तुम्ही संप केला होता, काही तरी मागत होता. आम्ही काहीच मागितलं नाही. आम्हाला कामावर जायचं आहे आणि जाऊ देत नाहीत. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हो. मोर्चाला निघालं की दिवस बरा जायचा."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सगळं एकदम ताणलं गेलं. १ तारखेला गरिबांच्या अन्नमदतीचे पैसे थांबले, ती मदत घेणारे सुमारे ४ कोटी २० लाख लोक होते. ७ तारखेला ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला सुरुवात झाली, कारण हवाई नियंत्रकही बिनपगारी होते. त्याच दिवशी माझी दुसरी शून्याची पावती आली. आणि नवऱ्याची रजा ५ तारखेला संपली होती.

लेकीला या सगळ्यातलं एकच लागलं: वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातला पांडांचा कॅमेरा. १२ ऑक्टोबरला प्राणिसंग्रहालय बंद झालं आणि कॅमेराही. पांडांना खायला कोण घालतं, तिने विचारलं. मी म्हटलं, घालतात, त्यांचे लोक एक्सेप्टेड आहेत. ती म्हणाली, मग बाबापेक्षा पांडा बरा.

९ नोव्हेंबरच्या रविवारी रात्री सिनेटमध्ये मतदान होतं. तेच बिल त्याआधी चौदा वेळा पडलं होतं, त्यामुळे मी इस्त्री करत होते. ६० विरुद्ध ४०. इस्त्री बंद करून मी तशीच उभी राहिले. मग १२ तारखेला, बुधवारी, खालच्या सभागृहात २२२ विरुद्ध २०९. ते सभागृह १९ सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच मतदानाला बसलं होतं. रात्री दहानंतर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. विम्याच्या सवलतीचं जे भांडण होतं, ते त्या बिलात सुटलेलं नाही, डिसेंबरात त्यावर मतदान घेऊ एवढं आश्वासन मिळालं. मागचा पगार मिळणार हे लिहिलं गेलं आणि शटडाउनमधली नोकरकपात मागे घेतली गेली.

१३ तारखेला सकाळी ऑफिसात पहिलं काम पासवर्ड. सगळ्यांचे उलटून गेले होते आणि मदतकेंद्राची रांग दुपारपर्यंत. दुसरं काम स्वयंपाकघरातला फ्रीज. त्याबद्दल लिहीत नाही. तिसरं काम हजेरीपत्रकं, दोन पूर्ण पंधरवड्यांची आणि दोन तुटक, सगळी नव्या कोडने पुन्हा भरायची. माझी चिठ्ठी फ्रीजरच्या दारावर तशीच होती, नुसती एका कोपऱ्यातून सुटलेली. आठ नळ्या डब्यात, जिथे ठेवल्या तिथेच. मी त्यातल्या एकेक करून वितळवल्या. तीन नळ्यांतल्या पेशी तळाला चिकटल्या आणि वाढू लागल्या. पाचांतल्या तरंगत राहिल्या, दुसऱ्या दिवशी पाणी ढगाळ. प्रयोग पहिल्या आठवड्यापासून पुन्हा सुरू केला आहे.

१९ नोव्हेंबरला मागचा पगार एकरकमी आला. त्यातून थकलेले विम्याचे हप्ते, निवृत्तीनिधी आणि कर असं सगळं एकदम कापलं गेलं, त्यामुळे आकडा मनात धरला होता त्याहून लहान दिसला. त्याच आठवड्यात क्रेडिट युनियनने आपली रक्कम वळती करून घेतली. मग बेकारभत्त्याचं पत्र: पगार मिळाल्यामुळे पाच आठवड्यांचे २,१५० डॉलर परत करा. मला हातात मिळाले होते १,९३५, कारण अर्ज करताना मी 'दहा टक्के कर आधीच कापा' या चौकटीत खूण केली होती. ते २१५ डॉलर आता पुढच्या वर्षी करपरताव्यात दिसतील. ती खूण करू नका. आणि पैसे परत करायचेच आहेत हे धरून त्यांना हात लावू नका, लावला तर लिहून ठेवा. तुमच्याकडे दोन महिन्यांची गंगाजळी असेल तर मी म्हणेन हा भत्ता घेण्याच्या भानगडीत पडू नका. नसेल तर पहिल्याच दिवशी अर्ज करा, लाज नको.

नवरा १७ तारखेला कामावर परतला. सरकार उघडलं तरी कंत्राट उघडायचे कागद व्हायला आणखी दोन दिवस गेले. त्याचा हिशेब असा: तेरा दिवस रजेचे गेले, सहा दिवस बिनपगारी. यातलं काहीही परत येणार नाही.

नोव्हेंबरच्या त्या बिलाने दिलेली मुदतवाढ ३० जानेवारी २०२६ पर्यंतची होती. शेती, माजी सैनिक आणि खुद्द संसद यांची पूर्ण वर्षाची बिलं पास झाली, माझ्या खात्याचं नाही. म्हणून या वेळी एसएफ-५० छापून आणला. एक पिवळा फोल्डर केला आहे, त्यात पगारपावत्या, जुनी नोटीस, बँकेशी झालेल्या बोलण्याची पानं. लॅबमध्ये मंजूर कामांच्या यादीत 'नळ्या हलवणे' घालून घेतलं. त्याला तीन सह्या लागल्या.

काल डिसेंबरच्या तिकिटांपैकी एक रद्द केलं. तीनशे डॉलर कापून बाकीचे परत येतील. मी आणि लेक १८ तारखेला निघतो.

रात्री अण्णांचा फोन होता. एकूण किती दिवस झाले, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ४३.

"मग अजून आमचेच जास्त," ते म्हणाले, जरा खुशीतच. मग विचारलं, जावईबापूंना पुरणपोळी चालेल ना, की पथ्य आहे? मी म्हटलं, चालेल. त्यांना अजून सांगितलेलं नाही.